निमसे भाऊसाहेबांनी चप्पल का घातली

रंगनाथ निमसे यांनी चप्पल सोडली ती रक्तातली साखर वाढली म्हणून. देवासाठी नाही, समाजासाठी नाही आणि रस्त्यासाठी तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं या गोष्टीत इतक्या लोकांनी इतकं काही कालवलं, की शेवटी शेवटी खुद्द निमश्यांनाही खरं कारण आठवायला जरा वेळ लागायचा.

निमसे एका माध्यमिक शाळेत मुख्य लिपिक. आमच्या नगरकडं अशा माणसाला भाऊसाहेब म्हणतात. वय छप्पन्न. उपाशीपोटी साखर एकशे नव्वद. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या त्यांनी खिशात ठेवल्या, आणि घरी येऊन मोबाईलवर दुसरा डॉक्टर शोधला. तो पांढऱ्या कपड्यातला, दाढीवाला आणि फुकट होता. त्यानं सांगितलं की तळपायात बहात्तर हजार नाड्या असतात, माणूस अनवाणी चालला की जमिनीतली वीज त्यातून अंगात चढते आणि साखर, झोप, नजर, केस, संताप असं सगळं जागच्या जागी येतं. आपल्या पूर्वजांनी कधी चप्पल घातली नाही, त्यांना होती का शुगर, असं त्यानं विचारलं. भाऊसाहेबांचे आजोबा बेचाळिसाव्या वर्षी शेतात अनवाणी चालताना साप चावून गेले होते. पण शुगर नव्हती, हे मान्यच करावं लागेल.

चंद्रकलाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, एवढंच म्हणाल्या की गोळी घ्या आणि ताटातला दुसरा गुळाचा खडा ठेवून द्या. तुला यातलं विज्ञान कळायचं नाही, असं सांगून भाऊसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी चप्पल कोनाड्यात ठेवली आणि गेटबाहेर पाऊल टाकलं.

पहिले आठ दिवस सुखाचे गेले, हे खोटं कशाला बोला. सकाळची गार माती पायाला लागली की त्यांना लहानपण आठवायचं. शाळेत प्रत्येकाला गाठून ते सांगायचे की मातीशी नातं तुटलं म्हणून माणूस बिघडला. आता रेणुकाकृपा कॉलनीत माती अशी नव्हतीच. शेवगावकडं जाणाऱ्या रस्त्याला आत वळलं की साठ घरांची ही कॉलनी. मधोमध जो काही आहे त्याला रस्ता म्हणायची पद्धत होती, म्हणजे उखडलेला मुरूम, टोकदार खडी, गटाराचं पाणी आणि कडेला वेडी बाभळ. हद्दीची रेघ नेमकी त्या रस्त्याच्या मधून गेलेली. एका कार्यालयात गेलं की ते म्हणत, हा त्यांचा. दुसऱ्या कार्यालयात गेलं की ते म्हणत, छे, तो त्यांचा. बारा वर्षांत साठ अर्ज झाले होते आणि दोन्ही कार्यालयांचे शिक्के त्यावर अगदी ठळक होते.

तेवढ्यात नवरात्र आलं. नवरात्रात मोहट्याच्या देवीसाठी निम्मा जिल्हा अनवाणी असतो, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही, उलट मान वाढला. शेजारच्या गर्जेवहिनींनी रोज साबुदाण्याची खिचडी आणून दिली. भाऊसाहेबांनी ती रोज खाल्ली, आणि साखर दोनशे वीस झाली.

पण दसरा झाला, कोजागरी झाली, आणि भाऊसाहेबांचे पाय उघडेच. मग कॉलनीच्या पोटात दुखायला लागलं. आसाराम गर्जे हे कॉलनी समितीचे अध्यक्ष. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त, पण कुणी कुठं उभं राहायचं हे ठरवण्याची सवय गेली नव्हती. त्यांनी भाऊसाहेबांना गेटपाशी अडवून सरळ विचारलं, की हा काय प्रकार आहे.

इथं एक अडचण होती. साखर झाली असं सांगावं, तर वर्षभरापूर्वी याच गर्ज्यांना भाऊसाहेबांनी चहात दोन चमचे साखर घालताना पकडून, ज्याचा जिभेवर ताबा नाही त्यालाच शुगर होते, असं चारचौघांत ऐकवलं होतं. ते गिळायचं कसं? म्हणून भाऊसाहेब नुसते हसले आणि खाली बघत राहिले. खाली बघायचं कारण वेगळं होतं. त्यांच्या टाचेत खडीचा कच रुतला होता. पण गर्ज्यांनी त्यांच्या नजरेच्या मागोमाग खाली बघितलं, तर खाली रस्ता.

"कळलं मला," गर्जे हळूच म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर पडलं, जोपर्यंत रस्ता नाही तोपर्यंत चप्पल नाही, निमसे भाऊसाहेबांचा पण. खाली हात जोडलेले सत्तेचाळीस. भाऊसाहेबांनी खुलासा लिहायला घेतला. दोन ओळी लिहिल्या, तेवढ्यात अजून चार हात जोडले गेले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी एकदम सत्तेचाळीस काहीच दिलं नव्हतं. ते लिहिलेलं पुसून टाकून जेवायला बसले, आणि त्या दिवशी गुळाचे तीन खडे खाल्ले.

तरीही दोन दिवसांत गोष्ट मिटली असती. तब्येतीचं कारण काढून त्यांनी चप्पल घातली असती आणि लोक विसरले असते. पण सकाळी बायडाबाई आली. बायडाबाई कॉलनीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची आणि चार घरची धुणीभांडी करायची. सत्तरीची, अर्धं आयुष्य ऊसतोडीला गेलेलं, एका पायानं लंगडायची. रोजच्यासारखं तिनं अंगणातल्या नळाखाली पाय धुतले, ओल्या पायांनीच आत आली, त्या ठशांवरून भाऊसाहेब रोजच्यासारखे कुरकुरले, आणि एवढ्यात तिनं खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"भाऊसाहेब, त्या चिखलात दोन येळा पडले मी. कुनी हात दिला न्हाई. आन तुमी आमच्यासारख्यासाठी चप्पल सोडली," ती म्हणाली. "आता रस्ता व्हनार. माझा जीव हाय तवर व्हऊ द्या म्हंजे झालं."

चांगला माणूस आहोत असं कुणी तोंडावर सांगितलं, की ते खोटं आहे म्हणायला फार मोठं काळीज लागतं, आणि ते लिपिकाच्या पगारात बसत नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांनी मनाशी ठरवलं. तसला पण त्यांनी केला नव्हता, तर आता केला. या म्हातारीला कोरड्या रस्त्यानं चालताना बघायचं. हे त्यांनी मनापासून ठरवलं, आणि इथूनच त्यांचे हाल सुरू झाले.

पहिला दणका शाळेतून. कर्मचाऱ्यांनी कार्यालयात योग्य पादत्राणं घालावीत असं कुठलंसं जुनं परिपत्रक मुख्याध्यापकांना सापडलं. भाऊसाहेबांकडून खुलासा मागवायचा ठरला. आता शाळेतली सगळी पत्रं टाईप करणारा माणूस एकच. म्हणून भाऊसाहेबांनी स्वतःच स्वतःला कारणे दाखवा नोटीस टाईप केली, तिच्यातली मुख्याध्यापकांची भाषा थोडी कडक केली, जावक नंबर टाकला, सही आणली, स्वतःच्या टेबलावर ठेवली, आवक रजिस्टरला चढवली आणि पोच म्हणून सही केली. खुलाशात 'सार्वजनिक हितास्तव' असं लिहिलं. साहेबांनी शेरा मारला, समाधानकारक नाही. तोही त्यांनीच फाईलला लावला.

दुसरा दणका कल्याणचा. हा कॉलनीतलाच पोरगा, मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवायचा. त्यानं भाऊसाहेबांना भर उन्हात त्या खडीवरून सहा वेळा चालायला लावलं, कारण पाच वेळा मागून म्हैस गेली. सहाव्यांदा त्यांच्या तोंडावर खरोखरच्या वेदना आल्या तेव्हा तो म्हणाला, हा परफेक्ट आला.

आणि सल्ले. ते तर विचारूच नका. कुणी म्हणालं तळव्याला एरंडेल लावा, कुणी म्हणालं लावू नका, कातडी मऊ पडेल. कुणी मोजे सुचवले, त्यावर समितीची बैठक होऊन मोजे हे पादत्राणात मोडतात असा ठराव झाला. सूचक गर्जे, अनुमोदक सर्व. बैठकीला सगळे जण बूट-चपला घालून आले होते आणि भाऊसाहेबांच्या ओट्याखाली त्या नीट ओळीनं काढून ठेवल्या होत्या. एकटे गनीभाई काही बोलले नाहीत. गनीभाईंचं कोपऱ्यावर चपलांचं दुकान. उठताना ते एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, माझा धंदा हाय म्हणून नाही सांगत. पण पाय एकदाच मिळतात."

डिसेंबरात बाभळीचा काटा मोडला. डाव्या अंगठ्याच्या खाली, आत. साखरेच्या माणसाला तळव्याचं दुखणं लवकर कळत नाही, हे त्या दाढीवाल्यानं सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांना वाटलं, दुखत नाही म्हणजे वीज चढायला लागली. दहा दिवसांनी चंद्रकलाबाईंना गादीवर डाग दिसला.

खऱ्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि आधी दार लावून घेतलं. मग जे काही बोलले ते चंद्रकलाबाईंनी नंतर कुणालाच सांगितलं नाही. थोडक्यात असं, की शुगरच्या पेशंटनं घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नसतं, आजपासून मऊ सँडल, नाहीतर बोट जाईल, आणि बोटावर थांबेल याची खात्री नाही. त्याच संध्याकाळी गनीभाईंनी मऊ तळव्याची एक जोडी धोतराच्या फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं आणून दिली. भाऊसाहेबांनी ती घातली. तीन महिन्यांनी पायाखाली काहीतरी मऊ आलं. ते पलंगावर बसले आणि चक्क रडले.

सकाळी ती जोडी ओट्यावर दिसली गर्ज्यांना. तासाभरात समिती जमली. भाऊसाहेबांनी साखरेचं सगळं खरं सांगून टाकलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. कुणाला धक्काच बसला नाही. सगळ्यांना फार वाईट वाटलं. गर्जे तर उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, आमदार आप्पासाहेबांच्या कानावर गेलंय, ते स्वतः येणार आहेत, आता फक्त पंधरा दिवस कळ काढा, आताच घातली तर साठ घरांच्या तोंडचा घास जाईल. आणि जाताना सँडल सोबत घेऊन गेले. सुरक्षित राहील म्हणाले, तुम्हाला मोह नको. चंद्रकलाबाई त्यांच्यामागं गेटपर्यंत गेल्या आणि जे बोलल्या ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, पण सँडल काही परत आली नाही.

भाऊसाहेबांना गनीभाईंकडून दुसरी आणता आली असती. पण भांडी घासताना बायडाबाई सांगत होती की ती रोज देवीपुढं त्यांच्या नावाचा दिवा लावते. ते फडकं गुंडाळून शाळेत जात राहिले. पंधरा दिवसांचे एकतीस झाले.

आप्पासाहेब आले ते निवडणूक लागायच्या आदल्या दिवशी. मंडप, हार, नारळ. सकाळीच एक डंपर येऊन खडीचा ढीग टाकून गेला होता आणि त्या ढिगाला झेंडूची माळ घातली होती. कुदळ मारून झाल्यावर आप्पासाहेबांनी भाषण केलं, की या युगातही असा त्यागी माणूस आमच्या मतदारसंघात आहे याचा आम्हाला अभिमान वाटतो. मग माईकवरून भाऊसाहेबांना वर बोलावलं आणि चांदीच्या ताटात कोल्हापुरी चपला आल्या. कोऱ्या, करकरीत, नऊ नंबरच्या. भाऊसाहेबांचा पाय सात. आप्पासाहेबांनी खाली बसून स्वतःच्या हातानं त्यांच्या पायात चप्पल सरकवली, ती नेमकी फडक्यावरच्या गाठीवरून. फोटोग्राफर म्हणाला, परत एकदा. आप्पासाहेबांनी परत एकदा सरकवली. त्या फोटोत भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आहे. खाली लिहिलं होतं, आनंदाश्रू.

बायडाबाई गर्दीत सगळ्यांत पुढं होती. तिनं दोन्ही हातांनी भाऊसाहेबांची दृष्ट काढून बोटं मोडली.

पाच दिवसांनी दवाखान्यात डाव्या पायाचा अंगठा काढला. भाऊसाहेबांनी भुलीतून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो रस्त्याचा. चंद्रकलाबाई म्हणाल्या, ढीग आहे अजून. निकाल लागला आणि त्या आठवड्यात डंपर पुन्हा आला, ढीग भरून घेऊन गेला. माळ तेवढी पडून राहिली.

उन्हाळ्यात भाऊसाहेब काठी टेकत पहिल्या कार्यालयात गेले. तिथं एक तरुण बाई होत्या, बोलायला अगदी गोड. त्यांनी संगणकात बघून सांगितलं की हे प्रकरण निकाली निघालंय. भाऊसाहेब म्हणाले, रस्ता तर झाला नाही. त्या म्हणाल्या, हो, पण तुमची तक्रार अशी नोंदलीय, 'रस्ता होईपर्यंत चप्पल न घालणेबाबत'. आणि पुढं फोटो जोडून शेरा आहे, 'तक्रारदाराने चप्पल परिधान केली असल्याने विषय संपुष्टात'. तीस वर्षं असे शेरे मारण्यात गेलेला माणूस. वाक्यात कुठं चूक काढता येते का ते त्यांनी दोनदा वाचून बघितलं. निघाली नाही.

आता वाटेल की कॉलनीला त्यांची दया आली असेल. तर नाही. कॉलनीत बोललं जाऊ लागलं की भाऊसाहेबांनी घाई केली. डांबर पडल्याशिवाय चप्पल घालायचीच कशाला? नुसत्या खडीवर भुलले. एक जोडी कोल्हापुरीवर साठ घरांचा रस्ता विकला. ग्रुपवर ज्यांनी हात जोडले होते त्यांतले काही आता नुसतं तोंड वाकडं केलेलं चित्र टाकायचे. शाळेत शिपाई छगनसुद्धा त्यांच्या पायाकडं बघून हसला, म्हणजे बूट बघून हसला. आत अंगठ्याच्या जागी गनीभाईंनी कापसाची गुंडाळी शिवून दिली होती, ती त्याला कुठं ठाऊक.

जुलैत पाऊस झाला आणि रस्त्याचा पुन्हा ओढा झाला. एका रविवारी सकाळी समितीचे अकरा जण आले. ओट्याखाली चिखलानं भरलेल्या चपलांचा ढीग लागला. चहा झाला. गर्ज्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की झालं गेलं विसरू, कॉलनीनं तुम्हाला माफ केलंय. दुसऱ्या गटाचे नेते तयार आहेत, त्यांना फक्त निमित्त पाहिजे. तुमचं नाव झालेलं आहे, लोक ओळखतात. तेव्हा उद्यापासून पुन्हा चप्पल सोडा.

भाऊसाहेबांनी डाव्या पायातला मोजा काढला आणि पाय स्टुलावर ठेवला. कल्याण मान वाकडी करून, एक डोळा मिटून पायाकडं बघत होता. गर्ज्यांनी बराच वेळ पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, राग मानू नका. पण याचा फोटो मागच्यापेक्षा चांगला येईल. आणि नऊ बोटं आहेत की अजून."

चंद्रकलाबाई आतून बाहेर आल्या. भाऊसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"रस्ता सगळ्यांचा आहे ना?" ते म्हणाले. "मग बाहेर अकरा जोड आहेत, ते इथंच ठेवा आणि तसेच घरी जा. उद्यापासून अकरा जण. बारावा मी, याच पायानं. खोटं वाटत असेल तर दवाखान्याचं बिल दाखवतो."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकाची टाच फुटलेली होती. एकाच्या बँकेत बूट सक्तीचे होते. कल्याण म्हणाला, मी पत्रकार, मला बाजू घेता येत नाही. गर्ज्यांना भोवरी होती, आणि शिवाय, ते म्हणाले, सगळ्यांनीच सोडल्या तर मग त्याची किंमत काय राहील? गनीभाई त्या अकरांत नव्हते. पुढच्या रविवारी सविस्तर बैठक घेऊ असं ठरवून मंडळी उठली. ओट्याखाली जरा वेळ ढकलाढकली झाली, चिखलात कुणाची कुठली कळेना, पण प्रत्येकानं आपापली जोडी बरोबर शोधली. एकही मागं राहिली नाही.

बायडाबाईचं काम तेवढ्यात आटपलं होतं. पदराला हात पुसत ती मागून आली, ओट्याची पायरी उतरली आणि सरळ चिखलात पाय घालून चालायला लागली. भाऊसाहेब दारातच उभे होते, हातात मोजा. त्यांना वाटलं गडबडीत कुणीतरी तिची घालून गेलं.

"बायडाबाई, तुमची चप्पल राहिली का बघा."

ती थांबली. चेष्टा करतायत का ते तिनं त्यांच्या तोंडाकडं बघून ताडलं.

"माजी?" ती म्हणाली. "मला कवा हुती चप्पल?"

भाऊसाहेबांनी विचारलं, कधीच नाही?

"लगनात एक दिस घातली हुती, चुलत जावंची. उसाच्या फडात पायाला सवय झाली, मग र्‍हाईलं ते र्‍हाईलंच." तिनं चिखलातून एक पाय उपसून पुढं टाकला. "तुमी घातली ते लई बरं केलं, भाऊसाहेब. तुमच्या पायाला सवय न्हवती."

ती लंगडत गेली, गटाराच्या वळणावर भिंतीला हात टेकून. चंद्रकलाबाई आतून म्हणाल्या, दार लावा, पाऊस आत येतोय. भाऊसाहेब हलले नाहीत. नऊ वर्षं ती बाई या दारातून अनवाणी आत-बाहेर करत होती. तिचा कुणी फोटो काढला नव्हता, कुणी हात जोडले नव्हते, तिला कसला पण आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. आणि त्यांनी स्वतः, फरशीवर ओले ठसे उमटतात म्हणून रोज कुरकुर करूनही, ते पाय धुण्याआधी तिनं कधी चप्पल काढलेली नसायची हे पाहिलं नव्हतं.